भयपटाची सुरुवात लिहिण्याआधी एवढं विचारा

कॉलेजच्या भयपटाची पहिली दोन मिनिटं लिहायला बसलं की पडका वाडा आणि करकरणारं दारच सुचतं. आधी प्रेक्षकांना विचारा. ‘हॉरर आवडतो का?’ हा प्रश्न मात्र फुकट, सगळे हो म्हणतात.

१. ‘रात्री घरी एकटे असताना कशाने दचकता?’ असं विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘वरचा फ्लॅट बंद आहे, तरी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो’, असं कुणी म्हणालं की पहिला शॉट मिळालाच.

२. तो मोबाइलवर कच्चा शूट करा. दाखवताना बघणाऱ्याच्या तोंडाकडे लक्ष ठेवा; नजर हलली तो सेकंद टिपा, तिथे कात्री.

युनिटमधल्यांना दाखवून उपयोग नाही. भूत कुठून येणार, त्यांना पाठ असतं.