पहिल्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेला उतरताय? या चुका टाळा

कोल्हापुरात ताकदीचं कौतुक पाळण्यातच सुरू होतं. घरटी एखादा काका, मामा किंवा आजोबा तालमीत गेलेला असतोच. त्यामुळं जिममध्ये कुणी शंभर किलोच्या वर स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक) मारला की शेजारचा हमखास म्हणतो, "भावा, स्पर्धेला उतर की!" माझं मत विचाराल तर उतरावंच. नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी तासभर जिमला जाणाऱ्यालाही पॉवरलिफ्टिंग जमतं.

मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंग तपासायचं काम करतो आणि राजारामपुरीतल्या जिममध्ये घाम गाळतो. आजवर चार स्पर्धा खेळलो, त्याहून जास्त मित्रांसोबत बाजूला उभं राहून बघितल्या. नवख्या गड्याकडं ताकद भरपूर असते. ती वाया जाते ती नियम अंगात मुरलेले नसल्यामुळं. वजन उचललं जातं आणि तरीही बाद होतं, हे बघून जीव हळहळतो.

आधी ढाचा समजून घ्या. स्क्वॉट, बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं), प्रत्येकी तीन अटेम्प्ट म्हणजे प्रयत्न. प्रत्येक प्रकारातला सगळ्यात मोठा यशस्वी अटेम्प्ट धरून टोटल, म्हणजे तिन्हींची बेरीज निघते. तीन पंच असतात. दोन पांढरे दिवे लागले तर लिफ्ट मान्य, नाहीतर बाद. खाली सांगतोय ते आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग फेडरेशनच्या चालीचे नियम आहेत. आपल्या स्पर्धेचे नियम आयोजकांकडून मागून वाचा. विशेषतः स्पर्धा रॉ (आधार देणाऱ्या घट्ट सूटशिवाय) आहे की सूट घालून, हे फॉर्म भरायच्या आधी विचारा.

अर्धा स्क्वॉट

तालमीतली बैठक पार तळाला जाते. तोच गडी जिममध्ये बार खांद्यावर घेतो आणि मांडी आडवी व्हायच्या आतच वर येतो. स्पर्धेत मांडीचा वरचा भाग जांघेपाशी गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली जावा लागतो. बरोबरीला आला तरी चालत नाही.

आरशात बघून हे कळत नाही. मोबाइल गुडघ्याच्या उंचीवर, बरोबर बाजूला ठेवून व्हिडिओ काढा. उभ्या माणसानं वरून काढलेल्या व्हिडिओत अंदाज चुकतो. आणि बैठकीची खोली कमी निघाली तर बारवरचं वजन उतरवा, मग ते वीस किलो का असेना. माझ्या एका मित्राचा 150 चा स्क्वॉट असा 125 वर आला. आठवडाभर तो कुणाशी नीट बोलला नाही. पण स्पर्धेत त्याचे तिन्ही स्क्वॉट मोजले गेले.

पंचांच्या आधी हलणं

ही चूक माझी स्वतःची. पहिली स्पर्धा, बेंचचा पहिला अटेम्प्ट, वजन 80. जिममध्ये ते मी पाच वेळा मारायचो. "स्टार्ट" ऐकलं, बार खाली घेतला, छातीला टेकला आणि सवयीनं लगेच वर ढकलला. "प्रेस" म्हणायला पंचांनी तोंड उघडायच्या आत माझे हात सरळ झाले होते. बार ठेवला, उठून बसलो, तर तीन लाल दिवे.

बेंचला तीन आज्ञा असतात. बार वर धरून स्थिर झालात की "स्टार्ट", छातीवर बार पूर्ण थांबला की "प्रेस", हात ताणून स्थिर झालात की "रॅक". स्क्वॉटला सुरुवातीला "स्क्वॉट" आणि शेवटी "रॅक". डेडलिफ्टला सुरुवातीची आज्ञाच नसते. तुम्ही उचलायचं, गुडघे आणि खांदे सरळ करून उभं राहायचं आणि "डाउन" म्हटल्यावरच खाली ठेवायचं. खाली ठेवताना बार हातातून सोडून दिला तरी लिफ्ट जाते.

उपाय एकच, पण तो मनापासून करा. स्पर्धेआधी किमान महिनाभर जोडीदाराला आज्ञा द्यायला लावा, अगदी रिकाम्या बारच्या सेटलासुद्धा. त्याला सांगा, "प्रेस" कधी लवकर म्हण, कधी दोन सेकंद ताणून धर. सगळ्या पंचांची लय सारखी नसते.

पहिलाच अटेम्प्ट छातीठोक

एखाद्या प्रकारात तिन्ही अटेम्प्ट हुकले तर टोटल निघतच नाही. त्या एका प्रकारानं अख्खी स्पर्धा जाते. शिवाय एकदा सांगितलेलं वजन पुढच्या अटेम्प्टला कमी करता येत नाही. तेवढंच पुन्हा घ्या किंवा वाढवा.

म्हणून पहिला अटेम्प्ट असा ठेवा, जो झोप न झालेल्या दिवशीही तीन वेळा निघेल. जिममधला सर्वोत्तम स्क्वॉट 140 असेल तर 125 नं सुरुवात, मग 132.5, आणि अंगात असेल तर 140 किंवा 142.5. भाऊ-मित्र ओरडतायत म्हणून पहिल्यालाच 140 सांगू नका. आपल्याकडं प्रेक्षक मन लावून ओरडतात, आणि त्या आवाजात डोकं ठिकाणावर ठेवणं हाही सरावाचाच भाग आहे.

जिमचा आकडा खरा मानणं

ओतीव प्लेटवर उठवलेला आकडा आणि काट्यावरचं वजन यात फरक पडतो, हे मी पोटापाण्याच्या कामात रोज बघतो. आमच्या जिममधली 20 ची एक प्लेट काट्यावर 18.7 भरली. दोन्ही बाजूंना तसल्याच प्लेटा असल्या तर तुमचे शंभर म्हणजे पंच्याण्णव असू शकतात. सरावाच्या प्लेटा एकदा मोजून घ्या. स्पर्धेत बार 20 किलोचा आणि कॉलर (प्लेटा घट्ट धरणाऱ्या कड्या) अडीच-अडीच किलोच्या, म्हणजे मोजणी 25 पासून सुरू होते. वॉर्म-अपच्या खोलीत घाईत हा हिशेब हमखास चुकतो.

दुसरी फसगत स्ट्रॅपची, म्हणजे मनगटाला बांधून बारला गुंडाळायच्या पट्ट्यांची. डेडलिफ्टला स्पर्धेत स्ट्रॅप चालत नाहीत. वर्षभर स्ट्रॅपवर 180 ओढणाऱ्याची पकड 150 ला सुटताना पाहिलीय. दोन महिने आधीच स्ट्रॅप बाजूला ठेवा. कमरेचा पट्टाही बघून घ्या. रुंदी 10 सेंटिमीटर आणि जाडी 13 मिलिमीटरच्या आत हवी, आणि आत स्पंज लावलेला पट्टा चालत नाही. सिंगलेट (कुस्तीगिरासारखा अंगालगत एकसंध पोशाख) लागते, डेडलिफ्टला नडगी झाकणारे लांब मोजे लागतात. हे सामान स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा अंगावर चढवू नका.

वजन उतरवण्याचा हट्ट

इथं मी कळकळीनं सांगतो. पुरुषांत 66, 74, 83 किलोपर्यंत असे वजनगट असतात. तुमचं वजन 76 असेल तर 83 मध्ये खेळा. दोन किलोसाठी पाणी तोडू नका, प्लास्टिक गुंडाळून पळू नका. वजन घेणं स्पर्धेच्या फक्त दोन तास आधी सुरू होतं, तेवढ्यात सुकलेलं शरीर भरून येत नाही.

आणि वजन उतरवायला लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्यानं शरीरातल्या पोटॅशियमचा तोल बिघडतो आणि हृदयाचे ठोके चुकू शकतात. उत्तेजकविरोधी नियमांत त्यांवर बंदीही आहे. जिममध्ये कुणी आपुलकीनं बिनलेबलची पुडी किंवा गोळी दिली तरी हात जोडून नाही म्हणा. रक्तदाबाचा किंवा पाठीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

जेवण आणि ताटकळणं

आदल्या रात्री मटण आणि तांबडा रस्सा नको, तो स्पर्धेनंतर घरच्यांसोबत खा. रोजचंच साधं जेवण ठेवा. पिशवीत केळी, दहीभात, शेंगदाण्याची चिक्की आणि पाणी असू द्या, कारण सकाळी वजन देऊन डेडलिफ्ट संपेपर्यंत संध्याकाळ होते. गटात दहा-चौदा जण असले तर दोन अटेम्प्टमध्ये दहा-पंधरा मिनिटं जातात. तेवढ्या वेळात अंगावर काहीतरी घालून बसा, अंग थंड पडू देऊ नका.

सोबत एक जाणता माणूस न्याच. अटेम्प्ट झाल्यावर पुढचं वजन एका मिनिटाच्या आत सांगायचं असतं, आणि धापा टाकताना तो हिशेब होत नाही. बार तयार असल्याची घोषणा झाली की लिफ्ट सुरू करायलाही एकच मिनिट मिळतं. तुमच्या आधीचा गडी बारखाली गेला की पट्टा आवळा, हाताला चॉक (घाम शोषणारी पांढरी पावडर) लावा आणि उभे राहा.