हाताने घडवलेल्या व्यक्तिचित्रांच्या प्रिंटचा संग्रह कसा करावा

दिवाणखान्यातल्या तसबिरीत आपण आजोबांना पाहतो; ते ज्या कागदावर उमटले आहेत, त्या कागदाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. संग्राहकाला मात्र त्या कागदापासूनच सुरुवात करावी लागते. डार्करूममध्ये किंवा उन्हात, हाताने प्रक्रिया करून काढलेली प्रत दुसऱ्या प्रतीसारखी तंतोतंत कधीच निघत नाही. एकाच निगेटिव्हवरून काढलेल्या दोन प्रतींत सावल्यांची खोली, रंगाची छटा आणि कागदाचा पोत वेगळा असू शकतो, आणि संग्राहक याच फरकाची किंमत मोजत असतो.

पायरी १ : आधी नजर तयार करावी

पहिले सहा महिने संग्रहासाठी काहीही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या काळात मूळ प्रिंट जितक्या पाहता येतील तितक्या पाहाव्यात, कारण पडद्यावर किंवा पुस्तकात प्रिंटचा पृष्ठभाग कळत नाही. मुंबईत नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) या कलाकेंद्रातील पिरामल दालनात छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. बंगळुरूचे म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीही पाहण्यासारखे आहे. आपल्या भागाला या कलेचा जुना वारसा आहे. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळातले नामवंत छायाचित्रकार होते, आणि राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात आजही स्टुडिओतली जुनी व्यक्तिचित्रे मिळतात. ती स्वस्तात मिळाली तर सरावासाठी घ्यावीत, पण तिथे सांगितल्या जाणाऱ्या कथांवर विसंबून मोठी रक्कम देऊ नये.

पायरी २ : प्रक्रिया ओळखायला शिकावे

दहापट मोठे दाखवणारे भिंग जवळ ठेवावे. प्रिंटवर एका बाजूने तिरपा प्रकाश पाडून चेहऱ्याचा आणि मोकळ्या पार्श्वभूमीचा भाग तपासावा. ठरावीक रचनेतले ठिपके दिसले तर ती छापखान्यातली छपाई आहे. रंगाचे अतिसूक्ष्म, विखुरलेले थेंब दिसले तर ती इंकजेट प्रिंट असण्याची शक्यता आहे. इंकजेट प्रिंटही उत्तम आणि संग्राह्य असू शकते, परंतु ती हाताने केलेली म्हणून विकली जात असेल तर तिथूनच परत फिरावे.

भिंगाखाली कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील आणि चित्र त्या तंतूंतच मुरल्यासारखे वाटत असेल, तर ती सॉल्ट प्रिंट (मीठ आणि चांदीचा क्षार लावलेल्या कागदावरची), सायनोटाइप (लोहक्षारांची) किंवा प्लॅटिनम प्रिंट (प्लॅटिनम धातूची) असू शकते. सायनोटाइप तिच्या निळ्या रंगामुळे लगेच ओळखू येते. ही पद्धत इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधली. प्लॅटिनम प्रिंटचे पेटंट विल्यम विलिस यांनी १८७३ मध्ये घेतले. तिच्यात पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्याच्या मधल्या करड्या छटा इतक्या सावकाश बदलत जातात, की गालावरचा उजेड आणि डोळ्याखालची सावली यांच्यामध्ये रेघ कुठे ओढावी हे सांगता येत नाही. माणसाच्या त्वचेसाठी मला याहून योग्य माध्यम ठाऊक नाही. जुन्या प्लॅटिनम प्रिंटची आणखी एक खूण म्हणजे, तिला वर्षानुवर्षे चिकटून राहिलेल्या समोरच्या कागदावर त्या चित्राची फिकट तपकिरी सावली उमटलेली असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली बहुतेक व्यक्तिचित्रे अल्ब्युमेन प्रिंट असतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला हा कागद पातळ असल्यामुळे तो जाड पुठ्ठ्यावर डकवलेला असतो, त्याला मंद चकाकी असते आणि उजळ भाग पिवळसर झालेले असतात. विसाव्या शतकात सिल्व्हर जिलेटिन प्रिंट, म्हणजे जिलेटिनच्या थरात चांदीच्या कणांनी चित्र उमटलेली प्रिंट, रूढ झाली. तिच्यातल्या फायबर कागदावर प्रतिमेखाली बराइटा या खनिज भुकटीचा पांढरा थर असल्याने तंतू दिसत नाहीत. प्लॅस्टिकचा थर असलेल्या आरसी कागदापेक्षा संग्राहक हा फायबर कागद पसंत करतात.

कागदाच्या वयाची एक सोपी परीक्षा अतिनील दिव्याने करता येते. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात मिसळली जाणारी, या दिव्याखाली निळसर चमकणारी द्रव्ये १९५० च्या दशकापासून वापरात आली. कामगारांची व्यक्तिचित्रे काढणारे अमेरिकन छायाचित्रकार लुईस हाइन १९४० मध्ये वारले, तरी त्यांच्या हयातीतल्या म्हणून विकल्या गेलेल्या काही प्रिंट या परीक्षेत चमकल्या आणि नंतरच्या काळातल्या ठरल्या.

पायरी ३ : विकत घेताना प्रश्न विचारावेत

प्रिंट कोणत्या प्रक्रियेने, कोणत्या कागदावर, कोणत्या साली आणि कोणाच्या हातून निघाली, हे चारही प्रश्न विचारावेत. निगेटिव्हचे साल आणि प्रिंटचे साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोटो काढल्यानंतर थोड्याच काळात काढलेल्या प्रतीला व्हिंटेज प्रिंट म्हणतात. तीस वर्षांनी त्याच छायाचित्रकाराने काढलेली प्रत आणि त्याच्या मृत्यूनंतर वारसांनी काढून घेतलेली प्रत यांचे मोल निराळे असते. कोपऱ्यात ३/१० असे लिहिले असेल तर दहा प्रतींच्या आवृत्तीतली ती तिसरी प्रत आहे. मात्र ही दहाची मर्यादा एकाच आकारापुरती आहे की सर्व आकारांना मिळून, आणि आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे या आकड्याबाहेर कलावंताने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती, किती आहेत, हेही लेखी घ्यावे. सिल्व्हर जिलेटिन प्रिंट असेल तर ती किती वेळ धुतली आणि टोनिंग (चित्र टिकावे म्हणून केलेली रासायनिक प्रक्रिया) केले का, हे अवश्य विचारावे, कारण कागदात हायपो (चित्र पक्के करणारे रसायन) शिल्लक राहिला तर चित्र पुढे पिवळे पडते. मनापासून काम करणारा कलावंत या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट त्याला बोलायला आनंद वाटतो.

पायरी ४ : हाताची खूण आणि इजा यांत फरक करावा

कोलकात्यात जन्मलेल्या छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या व्यक्तिचित्रांत बोटांचे ठसे, ओघळ आणि लेपाचे तडे दिसतात. त्यांनी १८६७ मध्ये काढलेली हर्शेल यांची व्यक्तिचित्रे पाहताना अशा खुणा असूनही कुणी त्यांना खराब प्रत म्हणत नाही. ब्रशचे फटकारे, रसायनाची असमान कड, किंचित हललेली छटा या घडणीच्या खुणा आहेत. कसरीने कुरतडलेला कागद, बुरशीचे तपकिरी ठिपके, घड्या आणि गडद भागांवर आलेली आरशासारखी चांदीची झाक या मात्र इजा आहेत, आणि त्यांचा परिणाम किमतीवर व्हायलाच हवा.

पायरी ५ : कायदा लक्षात ठेवावा

प्रिंट विकत घेतल्याने तिचा कॉपीराइट मिळत नाही, त्यामुळे ती छापण्यापूर्वी हक्कधारकाची परवानगी लागते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशातल्या नातेवाइकांना पाठवायची असेल, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याची अट आधी तपासावी.

पायरी ६ : पावसाळ्यापासून जपावे

छायाचित्रांसाठी ३० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानतात, आणि मुंबई, कोकण व गोव्यात जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते. या परिस्थितीत जिलेटिन मऊ होऊन काचेला चिकटते. म्हणून प्रिंट आणि काच यांच्यामध्ये माउंटची खिडकी, म्हणजे मधोमध कापलेला जाड पुठ्ठा, ठेवून अंतर राखणे अत्यावश्यक आहे. जुन्या तसबिरीतला फोटो काचेला चिकटलेला आढळला तर तो कधीही ओढू नये. काचेसकट संवर्धन तज्ज्ञाकडे न्यावा. तसबिरीला ओला हार घालण्याऐवजी फुले समोर ठेवावीत, कारण ते पाणी चौकटीतून आत झिरपते.

ज्या प्रिंट भिंतीवर नसतील, त्या आम्लमुक्त कागदात किंवा पॉलिस्टर पाकिटात घालून स्टीलच्या कपाटात आडव्या ठेवाव्यात, आणि ते कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. पीव्हीसीची पाकिटे, रबरबँड, सेलोटेप आणि डांबराच्या गोळ्या यांना तिथे जागा नाही. सायनोटाइपला अल्कली सोसत नसल्याने तिच्यासाठी अल्कलीयुक्त संरक्षक कागद वापरू नये. प्रदर्शनासाठी ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आसपासचा मंद प्रकाश पुरेसा असून, दर तीन-चार महिन्यांनी प्रिंट बदलत राहाव्यात. दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की प्रत्येक पाकीट उघडून तपासावे.

पायरी ७ : नोंद ठेवावी

प्रत्येक प्रिंटला क्रमांक देऊन वहीत प्रक्रिया, आकार, साल, खरेदीचे ठिकाण, पावती आणि सध्याची अवस्था लिहावी. जुन्या प्रिंटच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे नाव छापलेले असते, म्हणून पुठ्ठा कापू किंवा काढू नये. व्यक्तिचित्रांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची नोंद म्हणजे त्या माणसाचे नाव. जुन्या बाजारातल्या गठ्ठ्यांत कितीतरी चेहरे निनावी पडलेले दिसतात, आणि ते पाहून मला दर वेळी हळहळ वाटते. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे असे फोटो असतील तर त्यांच्याजवळ बसून प्रत्येकाचे नाव, नाते आणि गाव विचारून घ्यावे, आणि प्रिंट काचेसारख्या कडक, सपाट पृष्ठभागावर पालथी ठेवून, मागच्या बाजूला काठाजवळ, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने ते लिहून ठेवावे.