पॉमला (पोमेरेनियन कुत्र्याला) बशीतला चहा द्यावा का?
सांगलीत आमच्याकडं सकाळी बशीत चहा ओतला की पॉम पायाशी हजर, आणि आजी म्हणते घाल की दोन घोट, काय होतंय. नका घालू. चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक सगळ्यात कॅफिन असतं आणि 3 किलोच्या कुत्र्याला 45-60 मिलिग्रॅमपासूनच त्रास सुरू होऊ शकतो, एका कडक कॉफीत तेवढं सहज निघतं.

सांडलेला थेंब चाटला तर घाबरू नका, पाणी ठेवा नि लक्ष ठेवा. खरी भीती चहाच्या चोथ्याची आणि कॉफी पावडरीची, कचऱ्याची बादली झाकूनच ठेवा. अर्ध्या-दोन तासांत धापा, उलटी, थरथर, छातीत धडधड दिसली तर मीठपाणी पाजून ओकारी काढत बसू नका, खाल्लेल्या चहा-कॉफीचं पाकीट घेऊन थेट जनावरांच्या डॉक्टरकडं पळा.