कॉटरी वापरताना या चुका टाळा: ओटीतलं भाजणं आणि आग

“कॉटरी चालत नाहीये, पॉवर वाढवा.” ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, हे रोज ऐकू येतं आणि घात इथेच होतो. कॉटरी म्हणजे विजेच्या करंटने कापणारं आणि रक्तस्राव थांबवणारं मशीन. नेहमीच्या सेटिंगवर मशीन मंद वाटलं, तर आधी पेशंट प्लेट बघा, म्हणजे रुग्णाच्या अंगातून करंट मशीनकडे परत नेणारी चिकट पट्टी. प्लेट अर्धी सुटली असेल, तर परतीचा सगळा करंट चिकटून राहिलेल्या तुकड्यातून जातो आणि तिथली कातडी भाजते. रुग्ण भुलीत असतो. डाग दिसतो तो ड्रेप (अंगावरची निर्जंतुक चादर) काढल्यावर. प्लेटनंतर वायरची जोडणी, मग पेन्सिलच्या (हातात धरायच्या कॉटरीच्या दांडीच्या) टोकावरची काजळी. पॉवरला हात सर्वात शेवटी.

प्लेट मांडीसारख्या मांसल भागावर, ऑपरेशनच्या जागेच्या शक्य तितकी जवळ लावा. हाडाचा उंचवटा, जुना व्रण, आत धातूचं इम्प्लांट असलेली जागा टाळा. केस काढा, कातडी कोरडी करा. लहान मुलासाठी मोठी प्लेट कापू नका, सुटलेली पुन्हा चिकटवू नका, नवी घ्या. साधी अखंड प्लेट असेल तर मशीनला फक्त वायर तुटल्याचं कळतं, प्लेट सुटल्याचं नाही. ते ओळखायला दोन भागांची प्लेट आणि तिला साथ देणारं मशीन लागतं.

स्पिरिटयुक्त औषधाने कातडी पुसल्यावर किमान 3 मिनिटं थांबा, मगच ड्रेप टाका. केसांत ते वाळायला तासभरही लागू शकतो. बेंबीत, मानेखाली, पाठीखालच्या चादरीत साचलेलं टिपून घ्या. स्पिरिटची ज्योत ओटीच्या प्रखर दिव्याखाली जवळपास दिसतच नाही.

चेहरा-मानेच्या ऑपरेशनमध्ये मास्कमधून दिलेला ऑक्सिजन ड्रेपखाली साठतो. तिथे त्याचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आत ठेवा. प्रमाण कमी केल्यावरही लगेच कॉटरीचं पेडल दाबू नका. साठलेला वायू निघून जायला काही मिनिटं लागतात. नायट्रस ऑक्साइडही आग भडकवतो, हे हमखास विसरलं जातं. ट्रेकिओस्टॉमीत (श्वासासाठी गळ्याला छेद देताना) श्वासनलिका कॉटरीने उघडू नका, ब्लेड वापरा.

पेन्सिल वापरात नसताना होल्स्टरमध्येच (तिच्या खोळीत) हवी, रुग्णाच्या पोटावर नाही. तिची वायर ड्रेप धरणाऱ्या टॉवेल क्लिपला गुंडाळू नका. दुर्बिणीची लाइट केबल सुटी करण्याआधी लाइट स्टँडबायवर टाका. तिच्या टोकाने ड्रेप जळतो.

तरीही पेट घेतलाच, तर वायू बंद करा आणि जळता ड्रेप खेचून काढा. तो बहुधा पाणी न शोषणारा असतो, त्यामुळे वरून ओतलेलं सलाइन खालच्या आगीपर्यंत पोचत नाही. श्वासनलिकेत आग असेल, तर श्वासाची ट्यूब तत्काळ बाहेर, त्याच क्षणी सगळे वायू बंद, मग आत सलाइन. म्हणून सलाइनचं भांडं ट्रॉलीवर आधीच भरून ठेवा.