वळवाच्या पावसानंतर परसबागेत काय करावं

वळीव धिंगाणा घालून गेला की हात आधी कोयत्याकडे जातो. थांबा. मे महिना बुलबुल, शिंपी, शिंजीर या पक्ष्यांच्या विणीचा. २०२५ साली तर मोसमी पाऊसच २६ मेला मुंबईत आला, नेहमीची तारीख ११ जून. मोडून लोंबणाऱ्या फांदीची पानं सारून घरटं नाही ना बघा, मगच छाटा.

खाली पिल्लू दिसलं तर आधी पिसं बघा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू उडायला शिकत असतं. त्याला जवळच्या झुडपात ठेवा आणि मांजराला घरात कोंडा. उघडंबोडकं पिल्लू गार पडलेलं असतं. ओंजळीत ऊब द्या, अंग कोमट झालं की घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा निव्वळ गैरसमज. बुलबुलाचं घरटं विस्कटलं असेल तर मोठ्या करवंटीच्या तळाला तीन-चार भोकं पाडा, नाहीतर पुढच्या सरीत पिल्लं बुडतील. आत सुकं गवत घालून ती जुन्या जागेशेजारी, पानांच्या आडोशाला घट्ट बांधा. शिंजिराचं लोंबतं घरटं फांदीसकट पडतं. ती फांदीच सुतळीने वर बांधा, दार खाली जाऊ देऊ नका. मग लांबून दीड-दोन तास लक्ष ठेवा.

चोचीत दूध-पाणी मुळीच सोडू नका, ते श्वासनलिकेत जातं. पिल्लू जखमी असेल किंवा आईबाप फिरकलेच नाहीत, तर त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

ओल मुरली की आफ्रिकी गोगलगाई निघतात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्यात पसरा. सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्यात बुडवा. ते पाणी मात्र मातीत ओतू नका. मातीतली साबुदाण्यासारखी अंडीही चेचा. विषारी गोळ्या टाकू नका. गोगलगाई खाणारा भारद्वाज आणि दारातला कुत्रा, दोघांच्याही जिवाला धोका असतो.

कुंड्या विटांवर उचला, तळाचं भोक काडीने मोकळं करा. पाणी तुंबलं की मुळांना हवा मिळत नाही. मिरची, तुळस आधी माना टाकतात. वरची माती सुकेपर्यंत खत देऊ नका. कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा घासून कोरड्या करा, डासांची अंडी कडेला चिकटलेली असतात. पालापाचोळा काठीने हलवूनच उचला, बिळात पाणी शिरल्यावर साप तिथे येऊन बसतात. उघड्या टाकीत एक खडबडीत फळी तिरकी टेकवून ठेवा, पडलेला बेडूक तिच्यावरून वर येतो.