शर्यत नसली तरी इंजिन जिवंत ठेवा

1956 च्या मायामी-नासाऊ शर्यतीपासून खुल्या समुद्रातली पॉवरबोट शर्यत गाजली. पण इंधन महाग, दुरुस्ती त्याहून महाग आणि किनाऱ्यावरच्या माणसाला लांबून दिसतो तो फक्त फेस. मुंबईत मार्च 2017 मध्ये मरीन ड्राइव्हसमोर बोटी पळाल्या. पुढची शर्यत कधी, याची वाट पाहताना बोट उभी राहते, आणि उभं इंजिनच लवकर मरतं.

समुद्रातून आल्याबरोबर आउटबोर्डला, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाला, गोडं पाणी द्या. पाणी ओढायच्या जाळीवर नळाच्या पाइपला जोडलेले रबरी कप बसवा, नळ आधी सोडा, मग इंजिन न्यूट्रलमध्ये मंद गतीवर 10 ते 15 मिनिटं चालवा. मागून पडणारी पाण्याची धार बारीक झाली तर लगेच बंद करा. आपल्याकडे बहुतेकदा प्लॅस्टिकची पिशवी जाळीला चिकटलेली असते. ती नसेल तर बहुधा इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी चाक, गेला. पाण्याशिवाय इंजिन काही सेकंदही फिरवू नका.

इंजिन बंद असताना पंखा (प्रोपेलर) काढून मागे बघा. तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉन दोरी, गुंडाळलेला असेल तर त्याने गिअरमध्ये पाणी शिरू न देणारं सील कापलेलं असू शकतं. गिअर ऑइल थोडं बाहेर काढा: दुधाळ दिसलं, तर पाणी आत शिरलंय.

जस्ताचा ॲनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजणारा तुकडा, अर्धा झिजला की बदला; त्यावर रंग मात्र मारू नका, हौसेने मारणारे भेटतात. पावसाळ्याआधी इथेनॉलचं पेट्रोल टाकीतून काढा, ओलावा धरून ते थर सोडतं. साठवताना इंजिन आडवं न टाकता सरळ उभ्या स्थितीत ठेवा.