सायकलचं हँडल खाली घेताय? आधी या चुका टाळा

रविवारी इंदूरच्या सुपर कॉरिडॉरची राइड संपवून पोहे-जिलेबीला थांबलो की कोणी ना कोणी नवीन रोड बाइकवाला विचारतोच, "काका, हँडल किती वर दिसतंय ना, खाली घेऊ का?" घे की, पण दिसण्यासाठी घेत असशील तर आधी पायाचे अंगठे धरून दाखव, गुडघे न वाकवता. अर्धे तिथेच गप्प होतात.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे टॉप कॅपची. स्टेमच्या, म्हणजे हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याच्या, वरचा तो एक बोल्ट हँडल धरून ठेवतो असं सगळ्यांना वाटतं. अजिबात नाही, त्याचं काम फक्त हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या सांध्याच्या, बेअरिंगमधली ढिलाई काढायची, हँडल धरतात ते स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट. माझ्या भाच्याने रात्री घरी दोन स्पेसर (स्टेमखालच्या कड्या) खालून काढून स्टेमच्या वर टाकले आणि सकाळी आम्ही सिमरोल घाटाकडे निघालो. उतारावर त्याने पुढचा ब्रेक दाबला की खट्, सोडला की खट्. मी ओरडून थांबवलं तर म्हणतो, "मामा, सगळं फुल टाइट केलंय." केलं होतंच, पण बाजूचे बोल्ट आधी आवळले आणि मग टॉप कॅपवर जोर काढला! स्टेम आधीच जाम, मग कॅप कोणाला दाबणार? नशीब, टॉप कॅपचा बोल्ट ज्यात बसतो ते आतलं स्टारनट वर खेचून आलं नव्हतं. चहाच्या टपरीवर बसून बाजूचे बोल्ट ढिले केले, कॅप थोडी थोडी फिरवली, खट् बंद झाली, मग बाजूचे आवळले. पाच मिनिटांचं काम होतं.

माझी सवय सांगतो. पुढचा ब्रेक दाबून दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवायची आणि सायकल पुढे-मागे हलवायची, काही हललं तर कॅप अजून जरा. मग पुढचं चाक उचलायचं, हँडल आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे, अडखळलं तर जास्त आवळलंय. त्यानंतर हँडल चाकाच्या सरळ रेषेत, आणि बाजूचे बोल्ट आलटून पालटून. किती आवळायचं ते बहुतेक स्टेमवर छापलेलं असतं, साधारण 5 न्यूटन मीटर, आणि स्टीअरर, म्हणजे स्टेम ज्यावर बसतं तो पुढच्या फोर्कचा पाइप, कार्बनचा असेल तर टॉर्क की (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायची चावी) घ्याच, "हाताला अंदाज आहे"वाल्यांचे स्टीअरर चिरलेले मी पाहिलेत.

दुसरी चूक मी स्वतः केलीय, म्हणून जास्त बोलतो. हँडल खाली घेतल्यावर स्टेमच्या वर स्पेसरचा मनोरा उभा राहतो, दिसायला घाण, म्हणून तिसऱ्याच दिवशी एका दुकानात जाऊन स्टीअरर 25 मिलिमीटर कापून आलो. महूपर्यंत जाऊन परत येताना कंबर अशी धरली की घरी जिना चढताना कठडा धरावा लागला. आणि कापलेला पाइप परत वाढत नाही भिया! शेवटी वर चढणारं स्टेम लावलं, सायकल उंटासारखी दिसायला लागली, आणि वर्षभराने फोर्कच बदलला. आता एका वेळी एकच 5 मिलिमीटरचा स्पेसर, दोन आठवडे चालवायची, मग पुढचा. कापाकापी सहा महिन्यांनी. पोरं हसतात, हसू देत.

स्टेम उलटं करणारे शॉर्टकटवाले वेगळेच. 100 मिलिमीटरचं 6 डिग्रीचं स्टेम पलटलं तर हँडल एकदम 2 सेंटिमीटर खाली येतं, आणि थोडं लांबही जातं, हे लांब जाणं कोणी मोजत नाही, मग हात बधिर झाले की ग्लोव्हज विकत घेतात.

हँडल खाली आल्यावर केबलचे लूप फ्रेमला घासतात, बघून घ्या. केबल हेडसेटमधून आत जात असतील तर घरी हात लावू नका, सरळ मेकॅनिककडे.

आणि अ‍ॅलन की चांगली घ्या, सायकलसोबत फुकट आलेली नको.